सुवालालशेठचा बोलता डबा

आमचे शेजारी सुवालालशेठ रोज सकाळी साडेआठला रांजणाशी बोलत. अंगणातल्या पाण्याच्या रांजणासमोर उभं राहून, पगडी नीट करत, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ते सांगत, "रांजणा, मी मोंढ्यावर निघून राह्यलो. जेवायला उशीर होईल. आज कढी नको, घसा धरलाय." मग थोडं थांबत, आणि धान्यबाजारातल्या आपल्या दुकानी जात.

मी जालन्याच्या शाळेत विज्ञानाचा शिक्षक म्हणून नवीनच आलो होतो. निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. पहिल्याच आठवड्यात मी हिला सांगितलं, की शेजार चांगला आहे, पण मालकाचं डोकं जरा फिरलेलं दिसतं. हिने भाकरी उलटता उलटता माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ते सुनेशी बोलतात." माझ्या निरीक्षणशक्तीचा निकाल घरात हा असा लागे.

त्या काळी मारवाडी घरांत सून सासऱ्याशी बोलत नसे. समोर आली तरी घुंघट ओढून. सासराही तिला थेट हाक मारत नसे. मधला दुवा सासू. सुवालालशेठच्या शेठाणी दोन वर्षांपूर्वी वारल्या, मुलगा धंद्यासाठी हैदराबादला, आणि एवढ्या मोठ्या घरात राहिली ही दोनच माणसं. म्हणून मध्ये रांजण आला. सूनबाईंचं उत्तर आतून बांगड्यांनी यायचं. एकदा वाजल्या की हो, दोनदा वाजल्या की नाही. आमची भिंत सामाईक असल्यामुळे मला सगळं ऐकू येई. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात यायला हवी होती आणि आली नाही, की दोनदा कधीच वाजत नसत.

एरवी सुवालालशेठसारखा बोलका माणूस मोंढ्यात दुसरा नव्हता. धान्याची आडत, दिवसभर शेतकऱ्यांची वर्दळ. "थोडक्यात सांगतो" म्हणून ते सुरू करत, आणि ज्वारीच्या पोत्यावरून निघून आजोबा मारवाडातून उंटावर कसे आले तिथपर्यंत जात. परत ज्वारीवर येईपर्यंत गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात गेलेलं असे. घरी आले की हाच माणूस रांजणाला चार वाक्यं सांगून गप्प बसे.

त्या हिवाळ्यात सूनबाईंना ताप आला. तीन दिवस शेठनी सकाळी विचारलं, "रांजणा, सगळं ठीक?" आणि तिन्ही दिवस बांगडी एकदाच वाजली. चौथ्या दिवशी त्या चुलीपुढेच कोसळल्या. भांडं पडल्याचा आवाज ऐकून ही धावली म्हणून बरं. वैद्य आले, काढे झाले, ताप उतरला. संध्याकाळी शेठ आमच्या ओसरीवर येऊन बसले. आज "थोडक्यात सांगतो" म्हणालेच नाहीत. सरळ म्हणाले, "मास्तर, लेकरू तीन दिवस तापानं फणफणून राह्यलं, आन् मी रांजणाला इचारून मोंढ्यावर गेल्तो. न्हाई म्हनायची तिला रीतच न्हाई. उद्या तिला काही झालं तर मला कळंल कसं?"

हिने सांगून पाहिलं, की सूनबाईंचा निरोप मी तुम्हाला देत जाईन. शेठनी हात जोडले. म्हणाले, "निरोपात दुखनं येत न्हाई, बाई." मग माझ्याकडे वळले. पोलीस ॲक्शनच्या वेळी त्यांनी फौजेच्या शिपायांना डब्यात बोलताना पाहिलं होतं. एक इकडे, एक तिकडे, तोंडं दिसत नाहीत, मधे तार नाही. तसे दोन डबे त्यांना हवे होते. एक मोंढ्यावर, एक घरात. सुनेनं सासऱ्याशी बोलू नये हे खरं, पण डब्याशी बोलू नये असं कोणीच सांगितलेलं नाही, असा त्यांचा मुद्दा. आणि निवड मी करायची, कारण मी रेडिओतला जाणकार.

ही कीर्ती मला कशी मिळाली ते सांगतो. शाळेचा रेडिओ बंद पडला होता. मी त्याचं झाकण उघडलं, आतलं पाहून घाबरलो, झाकण बंद केलं आणि जाता जाता त्याला एक थाप मारली. तो सुरू झाला. हेडमास्तरांनी सगळ्या वर्गांत फिरून सांगितलं. त्या दिवसापासून मी जाणकार, आणि खरं कबूल करायला फार उशीर झाला होता.

औरंगाबादेच्या छावणीत फौजेचं मोडीत निघालेलं सामान विकणारा एक दुकानदार होता. रेल्वेनं आम्ही तिथे गेलो. त्याच्याकडे तीन प्रकार निघाले. पहिला पाठीवर बांधायचा. शेठनी तो उचलून पाहिला आणि खाली ठेवला. "हे पाठीवर घेऊन तिनं फुलके लाटायचे का?" दुसरा तारेचा, मुठीनं फिरवायचा. मी तोच घ्या म्हणालो. आवाज स्वच्छ, शिवाय दोघांना एकाच वेळी बोलता येतं. हे मी गुण म्हणून सांगितलं. शेठचा चेहरा पडला. ते म्हणाले, सासरा बोलत असताना मध्येच आपला आवाज गेला तर काय, या धाकानं ती तोंडच उघडणार नाही. आणि तार गल्लीवरून गेली की गल्लीला कळणार.

तिसरा प्रकार हातात धरायच्या डब्यांचा. वरची काठी ओढायची, खटका दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. यात मोठा दोष आहे, मी गंभीरपणे म्हणालो. एका वेळी एकच बोलू शकतो.

"म्हंजे ती बोलत असताना मला गप ऱ्हावंच लागंल?"

"राहावंच लागेल."

"बिलकुल बराबर. हेच घ्या."

मग त्यांनी दुकानदाराला विचारलं, की हे बोलणं तिसरा कोणी ऐकू शकेल का. तो म्हणाला, ज्याच्याकडे याच जातीचा डबा असेल तो ऐकेल, आणि आतून अशीच आणखी एक जोडी आणून दाखवली. शेठनी तीही घेतली. घरी आल्यावर तिला ट्रंकेत घालून कुलूप लावलं आणि किल्ली जानव्यासारखी गळ्यात घातली. खासगी बोलण्याची याहून पक्की सोय मी पुढे कुठल्या पुस्तकात वाचली नाही. असे बिनतारी डबे वापरायच्या परवान्याचा अर्ज इंग्रजीत मी लिहून दिल्लीला पाठवला. त्याचं उत्तर आलं नाही, आणि सरकारी नोकर या नात्यानं मी पुढचे काही महिने पोस्टमन दिसला की घरात जात असे.

आता घरच्यांची संमती. अंबडला शेठच्या भुवाजी राहत, म्हणजे वडिलांची बहीण. घराण्याच्या रीतीभातींचा कारभार त्यांच्याकडे. त्या मोटारीनं आल्या, डबा उलटासुलटा करून पाहिला, हुंगलाही. मग निकाल दिला, "डब्याला कोनी सासरा म्हनत न्हाई. बोलू दे तिला. पन डब्यात आवाज सासऱ्याचा हाय, तवा डब्यासमोर घुंघट पायजे."

दुसऱ्या दिवशी चाचणी. शेठ आणि मी मोंढ्यावर, ही आणि सूनबाई घरी. पोत्यांच्या आड बसून शेठनी खटका दाबला. विचारलं, "सगळं ठीक?" आणि खटका सोडला. डब्यात खरखर झाली आणि मग स्वच्छ ऐकू आली एक बांगडी.

शेठनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या लांबून, फौजेच्या यंत्रातून, तीच बांगडी. मी घरी जाऊन हिच्याकरवी समजावून सांगितलं, की बोलायचं आहे. त्यानंतर सूनबाई बोलू लागल्या, पण मोंढ्यावर नुसतं घूं घूं पोचे. मी वातावरणातल्या विजेच्या थरांवर शेठना एक व्याख्यान दिलं. सूर्यावरच्या डागांचा हात असू शकतो असंही म्हणालो. चार दिवस डबा घेऊन माळवदावर चढलो, काठी पूर्वेला केली, पश्चिमेला केली. पाचव्या दिवशी ही म्हणाली, "अहो, तिच्या तोंडावर घुंघट आहे आणि डबा घुंघटाच्या बाहेर. तुमच्या तोंडावर धोतर टाकून बोला बघू." मी सूर्याचे डाग तिथेच सोडले. डबा घुंघटाच्या आत धरायचा ठरलं.

त्या दुपारी सूनबाई पहिलं वाक्य बोलल्या. बारीक आवाज, पण शब्द न् शब्द कळत होता. "बापूजी, मीठ संपलंय."

शेठ उठले. गिऱ्हाईक समोर बसलेलं, मुनीम काहीतरी विचारतोय, त्यांचं कुठेच लक्ष नव्हतं. स्वतः किराण्याच्या दुकानात गेले आणि एक भलं थोरलं मिठाचं पोतं हमालाच्या डोक्यावर देऊन घरी पाठवलं. त्या घरात पुढं दोन वर्षं मीठ आणावं लागलं नाही. मला खूप आनंद झाला, आणि तो यंत्र चालल्याचा नव्हता.

मग मीठ झालं, डाळ झाली, डोकं दुखतंय झालं. एके दिवशी चक्क "आज बरं न्हाई वाटून राह्यलं, बापूजी" असं आलं. शेठ तसेच वैद्याला घेऊन घरी गेले, आणि जाताना वाटेत भेटेल त्याला आनंदानं सांगत होते, की सुनेला बरं नाही. मोंढ्यात पुन्हा त्यांच्या डोक्याची चर्चा झाली.

पण फौजेचे सेल किती पुरणार? ट्रंकेतल्या जोडीचेही वापरून झाले. आवाज मंद होत गेला आणि एक दिवस बंदच पडला. मी डब्यांतले संपलेले सेल काढून नमुन्यासाठी पिशवीत घातले आणि औरंगाबादला गेलो. दुकानदाराकडे मिळाले नाहीत, दोन-चार खेपा झाल्या, आणि तिसऱ्या आठवड्यात कुठून तरी त्याने चार नवे पैदा केले. मी धावतच शेठच्या घरी गेलो. रविवार होता. दार नुसतं लोटलेलं.

ओसरीवर शेठ पाठमोरे बसले होते. डबा कानाशी. मी थबकलो, कारण त्या डब्यात काही नव्हतं. नवे-जुने सगळे सेल माझ्या पिशवीत होते. स्वयंपाकघराच्या भिंतीआडून सूनबाईंचा आवाज येत होता, साधा, उघडा, भिंतीपलीकडून माणूस बोलतं तसा.

"बापूजी, लापशी करताना सासूबाईंची आठवण आली. त्यांच्यासारखी जमत न्हाई मला."

शेठनी डबा तोंडाशी आणला. खटका दाबला. "मला रोज येते, बेटा. कोनाला सांगावं कळत नव्हतं." मग आठवणीनं खटका सोडला आणि तिचं ऐकायला कान लावून बसले.

मी पाऊल न वाजवता परत आलो. पिशवी खुंटीला टांगली. हिने विचारलं, सेल दिले का? आता त्यांची गरज नाही, मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी शेठच माझ्याकडे आले आणि इकडेतिकडे बघत म्हणाले, "मास्तर, ते सेल... मिळाले का?"

"नाही मिळाले," मी म्हणालो. "पुढे मिळतील असंही वाटत नाही."

"काही जल्दी न्हाई," ते घाईघाईनं म्हणाले. "यंत्र बराबर चालून राह्यलंय. या, चहा घेऊ." मला ओसरीवर बसवून त्यांनी डबा उचलला, खटका दाबून आत चहाचं सांगितलं आणि खटका सोडला. भिंतीआडून उत्तर आलं, मास्तरांना साखर किती?

शेठनी डबा माझ्या हातात दिला. मी विज्ञानाचा शिक्षक. मी तो तोंडाशी धरला, खटका दाबला आणि म्हणालो, "दोन चमचे." आणि पुढचं ऐकू यावं म्हणून खटका सोडला.