ओबदुलियाबाईंच्या तोंडचं

अन्सेल्मोची सासू ओबदुलिया सरळ म्हणून कधी बोललीच नव्हती. कुणी उगाच खुसपट काढलं की म्हणायची, "मांजराला तीन पाय शोधतोय मेला." बोलता बोलता धागा सुटला की, "गेला माझा संत स्वर्गात." घरात धुसफूस असली की, "आत्ता भट्टी पाव भाजायची नाही, गप बसा." स्पेनमधल्या ओवियेदोच्या त्या फ्लॅटमध्ये सकाळपासून हेच चालायचं. अन्सेल्मोचे कान किटले होते, पण त्याचं पोट त्याच्यावरच चालत होतं.

कारण त्याचा धंदा इटालियन कादंबऱ्या स्पॅनिशमध्ये आणायचा. यंदाच्या कादंबरीत इटलीतल्या कालाब्रियाची एक म्हातारी होती, तीही तसलीच वाकड्या वळणाची. कुणी खुसपट काढलं की ती म्हणायची, "अंड्यात केस शोधू नकोस." हे तसंच उतरवलं तर वाचणारा बिचारा ताटातलं ऑम्लेट उलटून बघायचा. तिथं आपल्याकडचं, त्याच जातीचं काहीतरी बसवावं लागतं. अन्सेल्मो त्यासाठी लांब जात नसे. जेवायला बसायचा, कान उघडे ठेवायचा, सासूच्या तोंडून पडलं की उचलायचा आणि म्हातारीच्या तोंडी घालायचा. विचारायचा नाही, सांगायचा नाही. या धंद्यातले सगळे असंच करतात.

अंड्याच्या जागी त्याने मांजर घातलं आणि सासूच्या तोंडून पहिलं तेच गेलं. खालचा शेजारी लिफ्टवरून तक्रार करून गेला, तशी ओबदुलियाने तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. एखाद्याने फडताळ उघडावं आणि आत नुसती धूळ असावी, तसा चेहरा झाला तिचा. मग म्हणाली, "तो उगाच चुका काढतो."

चार दिवसांनी पळी घेऊन ती स्वयंपाकघराच्या दारात थांबली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. शेवटी म्हणाली, "मी विसरले." नुरियाने नवऱ्याकडे पाहिलं. आई आयुष्यात कधी 'विसरले' म्हणाली नव्हती.

मग रोज एकेक जायला लागलं आणि मागे उरलं ते सगळं सरळ. पाद्रीबाबा जेवायला आले, त्यांना तिने सांगितलं की तुमचं प्रवचन लांबतं, मी झोपते. डॉक्टरांनी जीभ बाहेर काढायला लावली, जीभ ठणठणीत होती. तिने त्यांना सांगितलं की तुम्हाला काही कळलेलं नाही. एकदा घेवड्याचा फाबादा वाढता वाढता ती अन्सेल्मोला म्हणाली, "तू माणूस बरा आहेस. मला दुसरा जावई हवा होता." राग नाही, टोमणा नाही. घड्याळात बघून वेळ सांगावी तसं.

प्रकरण संपलं की दार लावून ते मोठ्याने वाचायची त्याची सवय. त्या दुपारी खिडकीला धुकं चिकटलं होतं. म्हातारीचं वाक्य आलं, त्याने तोंड उघडलं आणि त्याच्या गळ्यातून सासूचा आवाज निघाला. मधल्या बारीक खोकल्यासकट.

पलीकडून नुरियाने विचारलं, "आई, काय म्हणालीस?"

दाराच्या फटीतून त्याने पाहिलं. ओबदुलिया तिच्यासमोर शेंगा सोलत बसली होती, तोंड मिटून.

अन्सेल्मोने एक वाक्य पुसलं, मांजराचं. पलीकडे शेंगांचा आवाज थांबला.

"नुरिया, मांजराला तीन पाय शोधत बसू नकोस, शेंगा सोल."

आता एकच प्रकरण उरलं होतं आणि त्यात ती म्हातारी मरत होती. मरताना तिच्या तोंडात जे असेल, ते तिच्याबरोबर जाणार. अन्सेल्मोने सासूचं होतं नव्हतं ते सगळं पुसलं आणि इटालियन शब्दाला शब्द उतरवलं. केस, अंडी, कुणाचं डोकं फिरलं की म्हातारी काढायची तो वाकडा चंद्र, सगळं. इकडे एकेक पुसत गेला, तिकडे स्वयंपाकघर भरत गेलं. संत परत आला, भट्टी परत आली. मग शेवटच्या प्रकरणात त्याने म्हातारीला मारलं आणि भिंतीला कान लावून बसला. पलीकडे सासू शेंगांना शिव्या देत होती.

कादंबरी माद्रिदला गेली. तिथली संपादक बेगोन्या, मोठी गोडबोली बाई, 'नाही' म्हणायला हिला अर्धा तास लागायचा. तिने फोन केला. "अहो अन्सेल्मो, हे अंडं नि केस काय? असू दे, तुम्ही दमलात. माझ्या तोंडात असलं ढिगाने आहे, मी घालते."

अन्सेल्मो नको नको म्हणेपर्यंत तिने हसून फोन ठेवला.

आठवड्याने परत फोन आला. "मी बेगोन्या. पुस्तक चांगलं नाही. तुमचं काम मला कधीच आवडलं नाही."

आवाज कोरा होता. अन्सेल्मोने फोन घट्ट धरला. "शेवटचं प्रकरण झालं का?"

"ते राहिलंय. जेवून बसते."

सांगितलं तर वेडा ठरतो, न सांगितलं तर बाईच्या तोंडचं कायमचं जातं. तेवढ्यात फोनमधलं सगळं ऐकून ओबदुलिया हात पुसत आली आणि तिने फोन काढून घेतला.

"पोरी," ती म्हणाली, "जेवायच्या आधी तुझं सगळं काढून घे त्यातून." मग जावयाकडे सावकाश बघितलं. "आणि स्वतःच्या तोंडचं कशाला घातलंस गं? घरात सासू नाही का तुझ्या?"