टोलेफसनांच्या पडवीतला गारवा

खरं सांगायचं तर ऑरिन टोलेफसनच्या कॉम्प्युटरला कसलीच घाई नव्हती. अमेरिकेच्या उत्तरेकडल्या डुलुथ शहराच्या सरकारी कचेरीत होड्यांचे परवाने देणारा हा कारकून घरी आल्यावर त्याच्यावर फार तर हवामान बघायचा, आणि ते खिडकीतूनही दिसत असे. पण त्याच्या मेहुण्याने, व्हर्लिनने, आपला प्रोसेसर कंपनीने नेमून दिलेल्या वेगापेक्षा कितीतरी जास्त पळवला, तोही सलग आठ तास, आणि कॉम्प्युटर क्लबात सांगत सुटला. झालं! ऑरिनच्या डोक्यात किडा वळवळला.

प्रोसेसर पळवला की तापतो, आणि तापला की मशीन बंद पडतं. ऑरिनचं सातव्या मिनिटालाच मान टाकायचं. मशीन गार ठेवायला व्हर्लिनकडे पाण्याच्या नळ्या होत्या, वर रंगीत दिव्यांचा थाट. ऑरिनकडे जानेवारी होता. बाहेर उणे वीस, आणि त्यात व्हर्लिनचा काडीचा वाटा नाही.

शनिवारी सकाळी आठला त्याने मशीन स्वयंपाकघरामागच्या काचेच्या पडवीत नेलं. खिडकी वीतभर उघडून तिच्यात पंखा बसवला आणि पुठ्ठ्याचं नरसाळं करून वारा थेट मशीनवर सोडला. मागून निघणारी गरम हवा परत फिरू नये म्हणून कपडे वाळवायच्या मशीनचं नळकांडं लावून तिला पार कोपऱ्यात, चादरीने झाकलेल्या टेबलाखाली धाडली. चादरीत बागेतल्या खुर्च्या असतील, असं त्याला वाटलं. (लग्नाला सव्वीस वर्षं झालेला नवरा चादर उचलून बघत नाही.)

हिवाळ्यात पडवी म्हणजे तिथल्या घराघरातला दुसरा फ्रीज. चादरीखाली त्याच्या बायकोने, मार्लिसने, जेलीचे सहा ट्रे ठेवले होते. हिरवीगार जेली, आत किसलेलं गाजर. चर्चच्या जेवणाला जेली करायचा मान तीस वर्षं क्विस्टगार्डबाईंकडे होता. बाई फ्लोरिडाला राहायला गेल्या, तेव्हा कुठे अकरा वर्षं मुकाट्याने कोबी चिरणाऱ्या मार्लिसला बोलावणं आलं. जेवण त्याच संध्याकाळी सहाला होतं.

साडेतीनला पडवीतून हाक आली.

"अहो, जरा येता का? काही घाई नाही."

ऑरिन धावतच सुटला. 'काही घाई नाही' ही हाक त्याने यापूर्वी घराला आग लागली तेव्हाच ऐकली होती.

चादर बाजूला होती. सहाही ट्रेमध्ये हिरवं पाणी डुचमळत होतं आणि त्यात गाजराचा कीस पोहत होता.

"जरा वेगळीच झालीय," मार्लिस म्हणाली. डुलुथमध्ये याहून जहाल शिवी नाही.

"अगं, अर्धाच तास राहिलाय गं! साडेसात तास झाले, व्हर्लिनचा—"

"होऊ द्या की. तुमचं महत्त्वाचं. मी सांगते सगळ्यांना, येताना पेले घेऊन या म्हणून."

एवढं बोलून ती हसली, पण तिची हनुवटी थरथरली. ऑरिनला स्वतःची भयंकर लाज वाटली. स्क्रीनवर सात तास एकतीस मिनिटं झाली होती. त्याने तिकडे एकदा डोळे भरून पाहिलं आणि प्लग उपटला.

"फ्रीजमध्ये ठेवू या?"

"तिथं चर्चचे तीन हॅम बसलेत."

"मग बाहेर बर्फात?"

"दगड होईल तिचा." मार्लिसने नरसाळ्यासमोर हात धरला. "हा वारा बरा आहे. कमीजास्त होतो?"

"हवा तेवढा!" ऑरिनची छाती नको त्या वेळी फुगली.

कॉम्प्युटर जमिनीवर गेला आणि त्याच्या जागी ट्रे मांडले गेले. साडेपाचला सहाही जेल्या सुबक थरथरत होत्या.

जेवणात बायकांनी मार्लिसला घेरलं. "इतकी गुळगुळीत कशी गं साधली?"

"यांनी पडवीत यंत्र बसवलंय," मार्लिस म्हणाली. तिचा चेहरा इतका फुलला होता, की ऑरिनला खरी हकिकत सांगवेना.

पुढच्या शनिवारी पडवीत पाच घरच्या जेल्या रांगेत होत्या. कॉफीचा मग घेऊन व्हर्लिनही आला. त्याने नरसाळं न्याहाळलं, वाऱ्यात बोट धरलं, नळकांड्यात डोकावला. ऑरिन श्वास रोखून उभा होता.

"दाजी, डोकं लढवलंत बरं का," व्हर्लिन म्हणाला. "एक सुचवू?"

"बोल ना."

"जेली नसेल तेव्हा इथं तुमचा कॉम्प्युटर ठेवून बघा. गार राहील."