चौरंगावरची कादंबरी

“अकराशे पानं म्हणजे काय मोठंसं! महिन्यात फडशा पाडतो,” असं शालिग्राम नानांनी लेकीला फोनवर ठणकावून सांगितलं. धुळ्याहून सारिकाने ती अनुवादित कादंबरी पाठवली होती. नऊशे वर्षांपूर्वीच्या युरोपातला एक गवंडी आयुष्यभर खपून दगडी चर्च उभारतो, त्याची गोष्ट. तुमच्याने काही ती पुरी होणार नाही, असंही तिने ऐकवलं होतं. एसटीत तीस वर्षं तिकिटं फाडताना नानांनी एकही पुस्तक संपवलं नव्हतं. नानांनी पैज लावली; आता इज्जतीचा सवाल होता.

पुस्तक एवढं जाड, की धरून मनगटं भरून यायची. म्हणून नानांनी ते चौरंगावर ठेवलं आणि समोर पाट घेतला. कव्हर मळू नये म्हणून कुंदाबाईंनी नवऱ्याचं पुस्तक लाल कापडात बांधून दिलं. मनात वाचलं की नानांना डुलकी लागायची, म्हणून रोज दुपारी चारला ते ओट्यावर बसून मोठ्याने वाचू लागले.

झालं! दोंडाईचाच्या त्या गल्लीत लाल कापड, चौरंग आणि ठरलेली वेळ यांचा अर्थ एकच होता: पारायण. तिसऱ्या दिवशी कुणी नारळ ठेवून गेलं. आठव्या दिवशी ओट्यावर पंधरा बायका होत्या. ही पोथी नाही, कादंबरी आहे, असं नानांनी सांगून पाहिलं. बायका म्हणाल्या, असू द्या, देऊळच बांधताहेत ना! कादंबरीतलं जुनं चर्च जळालं, त्या दिवशी तर कुणाच्या घरी धड स्वयंपाक झाला नाही. नाना भलतेच खूश झाले.

पण उशिरा येणाऱ्यांना कालची गोष्ट पुन्हा सांगावी लागे. पंचवीस दिवसांत जेमतेम चारशे पानं झाली. इकडे रविवारी महिना भरणार म्हणून बायकांनी समाप्ती ठरवून जेवणाच्या बट्ट्यांचं पीठ जाडसर दळूनही आणलं. सारिकालाही आमंत्रण गेलं!

रविवारी नानांनी घसा खाकरला, उरलेली सातशे पानं अलगद चिमटीत धरून उलटली आणि जाहीर केलं, “अशा रीतीने चर्च पूर्ण झालं.” सगळ्यांनी हात जोडले. पुढे बसलेल्या झुंबरबाईंनी मात्र नाही. बाई शाळेची पायरी कधी चढल्या नव्हत्या, पण सारा जन्म बांधकामावर गेला होता.

“नाना, काल भिंती छातीलगून व्हत्यात. आज एकदम कळस? मंग चुना कव्हय वाळना?”

गोष्टीत वेळ पटकन जातो, असं नाना पुटपुटले.

“मी चाळीस वरीस घमेलं उचलेल शे. दगडनं काम इतलं लवकर नही व्हस. मधलं वाचा.”

सारिका दारात उभी राहून हसत होती. नानांचे कान तापले. पण खरं सांगायचं तर त्यांना बरंही वाटलं, कारण मधे काय घडतं हे त्यांनाही कुठे ठाऊक होतं! त्यांनी मुकाट्याने चारशे बारावं पान काढलं. पैजेचं विचारायला सारिका पुढे आली, तर झुंबरबाईंनी तिला मनगट धरून खाली बसवलं.

अंधार पडेपर्यंत निखाऱ्यावरच्या बट्ट्या उलटायला कुणी चुलीकडे फिरकलं नाही. त्या दिवशी साऱ्या गल्लीने करपलेल्या बट्ट्या खाल्ल्या. भिंत तेवढी वीतभर वर आली होती.