यमुनाआत्याची डिक्शनरी

माझी यमुनाआत्या पीठ आणि डिक्शनरी एकाच पद्धतीने तपासते: चिमटीत धरून. आधी पान चोळायचं, मग उजेडाकडे धरायचं. पलीकडची अक्षरं दिसली की विषय संपला. "ह्ये लई पातळ हाय. दुसरं काढा."

शेवगावात तिची पिठाची गिरणी आहे. आयुष्य त्या घरघरीत गेल्यामुळे ती कानात कुजबुजली तरी समोरच्या रसवंतीत ऐकू जातं. आम्ही मूळचे कर्जतकडचे. मी तिच्या शेजारी मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं ते तिच्याच भरवशावर. ती सातवी शिकलेली. तरी एके दिवशी दुकानात येऊन म्हणाली, "दत्ता, नगरला चल. विंग्रजी डिक्शनरी घ्यायचीय."

"आत्या, मोबाईलवर फुकट मिळते की."

"तुजा मोबाईल अर्थ फेकून मोकळा व्हतो. मला शब्द नांदताना बघायचाय."

हे तिचं ठाम मत. शब्द म्हणजे लेक आणि वाक्य म्हणजे सासर. लेक तिथं कशी नांदते ते दाखवलं नाही, तर डिक्शनरीचा उपयोग काय?

नगरच्या दुकानदाराने अदबीने विचारलं, "मावशी, नात कितवीला आहे?"

"नात न्हाई. मला पायजे."

अख्खं दुकान वळून बघायला लागलं. दुकानदाराने घाईघाईने सगळ्यात जाड पुस्तक काढलं.

"हंग्री काढ," आत्या म्हणाली. मी काढलं. पुढे लिहिलं होतं, क्षुधातुर.

"आन् क्षुधातुर बघायला आनखी एक पुस्तक घेऊ व्हय? कुलूप उघडायला कुलूपच देतो का रं भावा?"

दुसरीतली अक्षरं खसखशीएवढी. तिसरीत अर्थ सोपे, अक्षर मोठं, पण वाक्य एकही नाही. "समदे शब्द बिनलग्नाचे!" आत्याने तीही मिटली. चौथीत मात्र उच्चार मराठीत होता, अर्थ साधा होता आणि खाली एक छोटं वाक्य होतं. आत्याने बोट ठेवून ते गिरणीच्या आवाजात वाचलं. दुकानदाराला इतका आनंद झाला की त्याने पुढचं वाक्य स्वतःच वाचून दाखवलं.

"ही घरात घ्यायची," आत्या म्हणाली.

एवढा खटाटोप सुनेसाठी होता. आत्याचा मुलगा सागर सुप्याला कंपनीत आहे. तिथेच काम करणाऱ्या श्रीजाशी त्याने लग्न केलं. पोरगी केरळची, मराठी तिला येत नव्हतं आणि मल्याळम आम्हाला. ती पहिल्यांदाच शेवगावला राहायला येणार होती. सागर मध्ये बसून दोघींचं भाषांतर करायला तयार होता, पण आत्याने त्याला उडवून लावलं. "सासू-सुनेच्या मधी नवरा घातला, की दोगींचंबी नुकसान."

सागर श्रीजाला सोडून ड्युटीवर परतला. पहिले दोन दिवस झकास गेले. आत्या "सिट! ईट! टेक रेस्ट!" असे हुकूम सोडत होती आणि श्रीजा हसून ते पाळत होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी चहाला गेलो, तर श्रीजा ओट्यावर गप्प बसलेली. डोळे लाल.

आत्याने गिरणी बंद केली. "व्हॉट हॅपन?"

"नथिंग, अम्मा. जस्ट होमसिक."

आत्या माझ्याकडे वळली. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिने हाताने थांबवलं, डिक्शनरी आणली आणि सुनेच्या मांडीवर ठेवली. श्रीजाने शब्द शोधून बोट टेकवलं. आत्या वाकली आणि तिने अर्थ वाचला: घरच्या आठवणीने कासावीस झालेला.

तिने त्या ओळीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग मला म्हणाली, "याला शब्द हाय व्हय रं? मी लगीन होऊन हितं आले तवा वरीसभर मागच्या दारी जाऊन रडायची. सासूबाईंस्नी वाटायचं, पोरीला दृष्ट लागली. मिरच्या ओवाळायच्या बिचाऱ्या. इचारलं मातर कुनीच न्हाई."

हे सगळं ती इतकं हळू बोलली, की शेजारी बसूनही मला कान द्यावा लागला.

श्रीजाला त्यातलं काय कळलं कोण जाणे. तिने सरकून आत्याला ओट्यावर जागा करून दिली. आत्या बसली, पिठाचे हात पदराला पुसले आणि श्रीजाचा मोबाईल तिच्याच हातात ठेवला.

"कॉल मदर," ती म्हणाली. "आय सिट हिअर."