गाणे पूर्ण वाजवावे

अंत्यविधी शुक्रवारी होता आणि बाबांची चिठ्ठी पेर्निलाला सापडली बुधवारी दुपारी. त्यांच्या चष्म्याच्या डबीत ती घडी करून ठेवलेली होती. ‘माझ्या अंत्यविधीला “धक्क्यावरचा दिवा” हे गाणे लावावे. ऑर्गनवर नको. गाणे पूर्ण वाजवावे.’ ‘पूर्ण’ या शब्दाखाली दोन रेघा होत्या.

स्वीडनच्या किनाऱ्यावरच्या लीसेशिल गावात बेचाळीस वर्षं रेकॉर्डचं दुकान चालवलेल्या माणसाची ही एवढीच इच्छा, आणि ते अख्खं दुकान तिने गेल्याच आठवड्यात योतेबोरीच्या एका व्यापाऱ्याला खोक्यांसकट विकून टाकलं होतं. तिने त्याला फोन लावला.

“ती रेकॉर्ड होय? ती कालच जपानला रवाना झाली,” तो म्हणाला. “आधी सांगायचंत ना.”

“आधी मलाच ठाऊक नव्हतं,” पेर्निला म्हणाली आणि रडू यायच्या आत फोन ठेवला.

टोर्बयॉर्न, म्हणजे तिचा नवरा, भांडी पुसत होता. “ऑनलाइन विकत घे की.”

“नाही मिळत. ते महिन्याच्या भाड्याने गाणी ऐकवतात ना, त्यांच्याकडेसुद्धा नाही.”

“मग फुकट उतरवून घे.”

त्या घरात हे वाक्य आजवर कोणी उच्चारलं नव्हतं. फुकट उतरवणारे बाबांच्या, म्हणजे सिगवार्डच्या, लेखी सरळसरळ चोर होते. दुकानात गिऱ्हाइकाच्या कानाला हेडफोन लावून ते एक कडवं ऐकवत, मग सुई अलगद उचलत आणि म्हणत, “आवडलं? मग विकत घे.” त्यामुळे निम्म्या गावाला शेकडो गाण्यांची फक्त पहिलीच कडवी पाठ होती.

पण गुरुवार संध्याकाळपर्यंत दुसरा कोणताच मार्ग उरला नाही. एका साइटवर, पोट कमी करण्याच्या जाहिरातींच्या गर्दीत, ते गाणं निघालं. “बाबा, माफ कर मला,” असं पुटपुटत पेर्निलाने बटण दाबलं. अकॉर्डियन सुरू झालं, गायिकेचा आवाज आला आणि तिसऱ्या ओळीलाच पेर्निलाने गाणं थांबवलं. तिने फोन पालथा घातला.

“पूर्ण ऐकून तर घे,” टोर्बयॉर्न म्हणाला.

“नाही रे ऐकवत.”



शुक्रवारी चर्चमध्ये सत्तर माणसं होती. प्रत्येकाच्या हातात एक गुलाब. उल्रिका पाद्रीणबाईंनी मान हलवली, वरच्या सज्जातून ऑर्गनवाल्याने फोनवरचं बटण दाबलं आणि अकॉर्डियन घुमू लागलं. माणसं रांगेने शवपेटीकडे निघाली. पहिलं कडवं अगदी हवं तसं झालं. ते संपलं मात्र, एक बाई स्पीकरमधून आनंदाने ओरडली, “आवडलं? ही तर फुकट झलक! पूर्ण गाणं हवंय? मग आजच विकत घ्या!”

आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

कोणी हसलं नाही. कोणी मानसुद्धा वळवली नाही. या गावात चर्चचं छत कोसळलं तरी लोक आधी प्रार्थना संपू देतील. फक्त मासळीवाला होल्गेर, जो नेमका शवपेटीपाशी पोचला होता, त्याचा हात सवयीने पाकिटाकडे गेला. मग त्याचं त्यालाच कळलं आणि त्याने घाईघाईने गुलाब ठेवला.

ती बाई दुसऱ्यांदा ओरडली. मग तिसऱ्यांदा. वर ऑर्गनवाला फोनशी झटापट करत होता. एकदाचा आवाज बंद झाला तेव्हा रांग जागच्या जागी थिजली होती. जमिनीने पोटात घ्यावं असं पेर्निलाला झालं. बाबांची एकच इच्छा होती आणि तिने त्यांच्या देखत तिची माती केली होती.

ती उभी राहिली. “मी ते फुकट उतरवलं,” ती सगळ्यांसमोर म्हणाली. “विकत मिळालं नाही हो.”

तेवढ्यात पहिल्या बाकावरून पेर्निलाची आई, शहात्तर वर्षांची गुनवोर, काठी टेकत उठली.

“दारं उघडा,” ती म्हणाली. “टोर्बयॉर्न, आमची गाडी पायरीपर्यंत आण.”

“आई, आता कुठे निघालीस?”

“कुठे नाही. गाडीत आहे ते गाणं. जुन्या कॅसेटवर. रोज ऐकायचा तो, काचा वर करून.”

“काचा वर करून? का?”

“तू गाडी येऊ दे आधी.”

जुनी व्होल्वो पायरीला येऊन टेकली. टोर्बयॉर्नने तिचे चारही दरवाजे उघडले आणि आवाज होता नव्हता तेवढा वाढवला. समुद्रावरचं वारं थेट चर्चमध्ये घुसत होतं, पण कोणी कोटाची बटणंसुद्धा लावली नाहीत. खरखरत, मधूनच डुगडुगत गाणं आत आलं. दुसरं कडवं झालं, तिसरंही झालं. रांग पुन्हा सरकू लागली. सर्वांत शेवटी पेर्निलाने आपला गुलाब ठेवला आणि सुस्कारा सोडला.

अकॉर्डियनचे शेवटचे सूर विरत होते, तोच त्यांच्यावरून एका तरुणाचा आवाज आला. “श्श, गुनवोर! रेडिओवरून घेतोय. बोलू नकोस.”

एक मुलगी खुदकन हसली. “चोर कुठला! विकत घे ना.”

“घेईन गं, पगार झाला की. आता गप ऐक.”

टक्कन आवाज झाला आणि कॅसेट थांबली.

हा आवाज अर्ध्या शतकापूर्वीचा होता, तरी त्यातला हुकूम सगळ्यांनी ओळखला. सत्तर माणसं श्वास रोखून उभी राहिली. गुनवोर सावकाश शवपेटीपाशी गेली आणि तिने झाकणावर हात ठेवला.

“इतके पगार झाले,” ती त्याला म्हणाली, “घेतलंस का कधी?”

तेव्हा कुठे चर्चमध्ये कोणीतरी पहिल्यांदा हसलं. ती पेर्निला होती.