अंबादास मास्तरांचे सुके रंग

ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, अक्षरही वाकडं आहे, त्याची माफी असावी. चौथीनंतर माझी पाटी सुटली. पण अंबादास मास्तरांविषयी कुणीतरी लिहायला पाहिजे, आणि आमच्या गल्लीत दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही.

मास्तरांच्या घरात शिंकायला बंदी होती. शिंक आलीच तर अंगणात पळायचं, रस्त्याकडे तोंड करायचं आणि मग शिंकायचं. त्यांचे दोन जुने मित्र तपकीर ओढणारे, ते कायम उंबऱ्याबाहेर बसूनच गप्पा मारत. केर काढायचा तो दुपारनंतर, तोही पाणी शिंपडून. कुणी जवळ गेलं की मास्तर दोन्ही हात वर करत. "लांबून, लांबून. श्वास तिकडं सोडा."

मी लग्न होऊन जालन्यात आले तेव्हा पंधरा वर्षांची होते. शेजारच्या ओसरीवर उघड्या अंगाने बसलेला, कुणाला शिवू न देणारा माणूस पाहिला. बोटांना पिवळं, लाल, काळं लागलेलं. मला वाटलं, हळद, कुंकू, बुक्का. फार कडक सोवळ्यातले दिसतात. घरात विचारायची लाज. म्हणून रोज पाण्याला जाताना मी लांबूनच त्यांना वाकून नमस्कार करायची. तेही मान डोलवायचे. पुढे कळलं, ते सगळ्यांना सांगत होते की ह्या सूनबाईला चित्राची बराबर जाण आहे, बिलकुल जवळ येत नाही.

पाच महिन्यांनी त्यांच्या फळीवर आमचा टपालवाला दिसला, नुसता कागदाचा, पण हसत होता. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मास्तर शाळेत ड्रॉइंग शिकवत. नोकरी संपल्यावर चित्रं काढत घरी बसलेले. रंगाच्या कांड्या मुंबईहून पार्सलने येत. त्यांना खडू म्हटलेलं चालत नसे. "खडू फळ्यावर. हे पेस्टल हायेत." त्याला पाणी नाही, कुंचला नाही. कांडी ओढायची, बोटाने मऊ करायची. रंग भुकटीसारखा कागदावर बसून राहतो, फुंकर मारली की उडतो. म्हणून ते सगळं सोवळं.

मला माझी आई हवी होती. मी चार वर्षांची असताना ती हसनाबादेत वारली, फोटो एकही नाही. गोधड्या शिवून साठवलेले तीन रुपये, निजामाच्या हाली नाण्यातले, मी पुढे केले. मास्तर नको म्हणाले, मग निळ्या कांड्या संपल्यात म्हणून घेतले.

सासूबाई तेव्हा नणंदेच्या बाळंतपणाला आष्टीला गेल्या होत्या. दर रविवारी हे आणि मी मास्तरांच्या ओसरीवर जायचो. मास्तर विचारायचे, मी ह्यांच्या कानात सांगायची, हे मास्तरांना सांगायचे. नाक कसं? माझ्यासारखं. मास्तर माझ्याकडे बघून नाक काढायचे, आणि मी ह्यांच्या कानात म्हणायची, असं नाही. कपाळ मोठं का? हो, म्हणजे पदर मागे सरकला तर. ह्यांनी माझ्या आईला कधी पाहिलं नव्हतं, तरी दोन-तीन गोष्टी त्यांनी आपल्या मनाने सांगून टाकल्या. मास्तर पुसायचे, पुन्हा रंग चढवायचे.

चौथ्या रविवारी कांडी कागदावरून नुसती घसरायला लागली.

"कागद भरला," मास्तर म्हणाले. "खरखर संपली. आता रंग घेत न्हाई."

दोघं माझ्याकडे बघत होते. चेहरा सुंदर होता. आईचा होता का, ते मला कळेना. मी मान हलवून हो म्हटलं. मास्तरांनी चित्र फळीवरून उतरवलं. काच रंगाला टेकू नये म्हणून कडेने कामट्या घातल्या आणि स्वतः येऊन आमच्या भिंतीवर चित्र लावून गेले.

मी रोज हात जोडत होते. दोन महिन्यांत ती मला आई वाटायलाही लागली. मग सासूबाई आष्टीहून आल्या. गाठोडं खाली ठेवलं आणि भिंतीकडे बघत राहिल्या.

"मास्तराची बायको आपल्या भिंतीवर काय करून राह्यली?"

मास्तरांची बायको बारा वर्षांपूर्वी वारली होती. हे तेव्हा लहान होते. म्हणाले, मलाही बाई ओळखीची वाटली होती, पण म्हटलं सासू आहे तर वाटणारच. इतके दिवस मी कुणाला हात जोडले, मला सांगता येईना.

सासूबाईंनी मास्तरांना बोलावून घेतलं. ते दारातच उभे राहिले. कागद भरेपर्यंत त्यांनाही कळलं नव्हतं म्हणे. बारा वर्षं ते तिचं चित्र काढायला बसत होते.

"तर मंग घेऊन जा आपलं कुटुंब," सासूबाई म्हणाल्या.

मास्तरांनी दोन्ही हात मागे घेतले. "नको, वहिनी. ती कागदावर आली की मला राहवत न्हाई. जरा इकडं, जरा तिकडं बोट लावतो, अन् जाती. लई वेळा गेली. इथं राहू द्या."

मग म्हणाले, चित्र सूनबाईच्या आईचं झालं नाही, तेव्हा पैसे परत करीन. मी मागितले नव्हते.

दर बाजाराच्या दिवशी ते दोन आणे आणू लागले. उंबऱ्यावर ठेवायचे आणि म्हणायचे, "बराबर मोजून घ्या." मी मोजेपर्यंत ते भिंतीकडे बघत उभे राहायचे. दोन आणे मोजायला असा किती वेळ लागतो? मी लावता येईल तितका लावायची. एकदा सासूबाईंनी विचारलंच, तीन रुपये एकदम नाहीत का निघत? मास्तर म्हणाले, "खर्चा लई हाये." एकट्या माणसाचा कसला खर्चा, असं सासूबाई ते गेल्यावर पुटपुटल्या, पण पुढच्या बाजारी त्यांनीच दारात पाट ठेवला.

दिवाळीनंतर सुरू झालेलं हे चैत्रापर्यंत चाललं. शेवटच्या दिवशी मास्तरांनी दोन आणे ठेवले आणि मोजा म्हणाले नाहीत. पाटावर बसलेही नाहीत. "फिटले, सूनबाई," म्हणाले, आणि चपला शोधू लागले. कारणाशिवाय बायामाणसांच्या घरी येणारा तो माणूस नव्हता.

मी नाणी दोनदा मोजली. म्हटलं, "काका, चार आणे कमी भरतात."

सासूबाई दूधवाल्याशी एका पैवरून भांडायच्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं.

"हो, कमीच हायेत," त्या म्हणाल्या. "आणा सावकाश."

मास्तरांनी चपला सोडल्या आणि पाटावर बसले. आत जाऊन मी ते दोन आणे डब्यात टाकले. तीन रुपये पुरे झाले होते.