धुरींना ठाऊक नसलेला नियम

आमच्या बिल्डिंगमधलं कुणीही परदेशी निघालं, की दुसऱ्या मजल्यावरचे धुरी त्याला जिन्यातच गाठतात. अभिनंदन नाही, कधी निघालास नाही. पहिला प्रश्न एकच, "गाडीत चढायच्या आधी तिकीट पंच करशील मां?"

म्हणजे इटलीतल्या साध्या गाड्यांचं कागदी तिकीट. ते स्टेशनातल्या मशीनमध्ये घालून छापून घेतलं नाही, तर तिकीट खिशात असूनही तुम्हाला दंड. जर्मनीत पहिली गाडी उशिरा आली नि त्यामुळे पुढची चुकली, तर तेच तिकीट त्यानंतरच्या गाडीला चालतं. हे सगळं धुरी दहिसरला, लुंगी नेसून, जिन्याच्या कठड्याला टेकून सांगतात आणि शेवटी बोट वर करतात, "नियम तो नियम, मगे!"

मी या माणसावर जळतो. उगाच आडपडदा कशाला? अहो, युरोपला मी जाऊन आलोय! बिल्डिंगमधला पहिला! धुरींचा जन्म औषधांच्या कारखान्यात खोके बांधण्यात गेला आणि त्यांची सगळ्यात लांबची सफर म्हणजे गणपतीत कुडाळ. तरी लोक विचारायला कुणाकडे जातात? धुरींकडे!

एकदा मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये माझा अनुभव सांगायला तोंड उघडलं, तर आमच्या सौ. सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तुम्ही गप्प बसा हो. तुम्हालाच दंड झाला होता ना तिकडे?"

झाला होता. टूरवाल्यांनी एक दिवस मोकळा दिला, तेव्हा आम्ही इटलीत आपले आपण गाडीने निघालो. तिकीट मी सुरकुतीसुद्धा पडू न देता पाकिटात ठेवलं. ते मशीन दिसलंही होतं. पण टीसी येणार, तो तिकिटावर खूण करणार, ही आपली जन्माची सवय! टीसी आला आणि त्याने दंडाची पावतीच फाडली. धुरींनी ऐकल्यावर मान हलवली, "माका विचारलं असतं तर!" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

गेल्या महिन्यात तळमजल्यावरच्या सावंतांची मुलगी लग्नानंतर युरोपला निघाली. माझ्याकडे येईल म्हणून मी फोटोंचा अल्बमसुद्धा काढून ठेवला होता. बया माझ्या दारावरून सरळ वर गेली आणि तासाभराने खाली उतरली. मग मात्र माझी सटकली. मी तसाच वर गेलो.

"धुरी, एवढं जग सांगता, जरा पासपोर्ट दाखवा बघू तुमचा."

धुरी हसले. कपाटातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला पासपोर्ट काढून त्यांनी माझ्या हातात दिला. मी पानं उलटली. एकही शिक्का नाही.

"कोरा आहे की हो!" मी म्हणालो. आवाजातला आनंद मला लपवता आला नाही.

"हा दुसरा," धुरी म्हणाले. "पयला कोराच संपला."

पिशवीत एक वहीही होती. धुरींचा मुलगा जर्मनीत असतो. फ्रँकफर्टला विमानातून उतरून त्याच्या गावी जायला दोन गाड्या बदलाव्या लागतात. त्यांच्या वेळा, फलाट, एक चुकली तर पुढची कुठली, सगळं सुवाच्य अक्षरात. तिकडे वेळापत्रक डिसेंबरात बदलतं, तेव्हा धुरी सगळं पुन्हा नव्याने लिहितात. अशी बारा वेळापत्रकं होती.

"झील म्हणता, फुडल्या वर्षी या. दरवर्षी म्हणता," एवढं बोलून त्यांनी वहीतलं शेवटचं वेळापत्रक उघडलं. मग माझ्याजवळ सरकले.

"तुम्ही जावन इलात. एक विचारू? ह्या खयच मिळूक नाय माका. तिकडे घ्यायला येणाऱ्या माणसाला फलाटावर येऊक तिकीट लागतं? की तो बाहेरच उभा ऱ्हवता?"

इतकी वर्षं मी ह्याच क्षणाची वाट बघत होतो. धुरींना न येणारा एक नियम! आणि आता तो समोर आला, तर टोमणा मारायचा सोडून मी आठवत बसलो. आम्हाला घ्यायला कुठल्याच स्टेशनात कुणी आलं नव्हतं. पण एका फलाटावर उतरलेल्या म्हातारीला मिठी मारणारा माणूस मी पाहिला होता.

"नाही लागत," मी म्हणालो. "अगदी डब्याच्या दारापर्यंत येतात."

धुरींनी पेन उघडलं. बाराव्या वेळापत्रकाखाली, शेवटच्या स्टेशनापुढे त्यांनी लिहिलं: दारापर्यंत येतात.